छाटलं तरी पालवतं

रोमच्या दक्षिणेला मोन्ते कासिनोचा डोंगर आहे. संत बेनेडिक्टने इ. स. ५२९च्या सुमारास तिथे मठ स्थापला. प्रार्थना आणि श्रम यांची सांगड घालणारी त्याची नियमावली पुढे युरोपभर पसरली. तो प्राचीन मठ पाहायला मी मोठ्या उत्सुकतेने चढून गेलो. समोर मात्र पांढऱ्याशुभ्र, कोऱ्या भिंती! माझा हिरमोडच झाला.

मग इतिहास कळला. सहाव्या शतकात लोंबार्डांनी, ८८३मध्ये अरब हल्लेखोरांनी आणि १३४९मध्ये भूकंपाने मठ उद्ध्वस्त केला. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी तो पुन्हा जमीनदोस्त केला. जुने ग्रंथ आधीच हलवले होते, म्हणून वाचले. त्याच जागी, पूर्वीच्याच धर्तीवर मठ उभारला. १९६४मध्ये तिथल्या चर्चचं पवित्रीकरण झालं. आजही साधू तिथे प्रार्थनेला जमतात. ‘छाटलं तरी पालवतं’ अशा अर्थाचं मठाचं बोधवाक्य आहे. वारसा केवळ दगडांत नसतो, हे तिथे उमगलं.

उतरल्यावर पायथ्याशी सैनिकांची दफनभूमी पाहिली. तिथे आपल्या भारतीय जवानांचीही नावं आहेत. मठ चार वेळा पडला, चारही वेळा उभा राहिला. या मुलांना मात्र घरी परतताच आलं नाही.