पैलवानाची लाथ आणि पंचांचा निर्णय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या शिरूर-दौंडकडची मुले तालमीत जातात, तेव्हा त्यांचे दूध-तूप आपणच सांभाळतो. म्हणून कुस्तीविषयी दोन शब्द बोलते.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पंचांनी शिवराज राक्षे यांना चीतपट ठरविले. पाठ पुरती टेकली नव्हती, चित्रफीत पाहा, असे त्यांचे म्हणणे. ते मानले गेले नाही आणि त्यांनी पंचांना लाथ मारली. राक्षे आपल्याच जिल्ह्यातले, राजगुरुनगरचे. पूर्वी स्वतः महाराष्ट्र केसरी झालेले! पुढे अंतिम कुस्ती महेंद्र गायकवाड अर्धवट सोडून गेले. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाने दोघांनाही तीन वर्षांसाठी निलंबित केले.

मुले म्हणतात, "अन्याय झाला, मग काय करणार?" लाथेला शिक्षा हवीच. मोठे नाव पाहून संघाने हात आखडला नाही, हे मला पटले. पण चित्रफीत तेव्हाच पाहिली असती तर? तीन वर्षे म्हणजे पैलवानाच्या ऐन उमेदीतली, बायांनो! आमचा नातू विचारतो, "आजी, तालमीत जाऊ ना?" मी म्हणते, खुशाल जा, पण निकाल चुकला तर दाद कुणाकडे मागायची, तेवढे वस्तादांना आधी विचारून ये.