सुभेदार रामजी : पेन्शन आणि पुस्तके

(एकोडी येथील माजी सैनिक स्मरण कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समाजातील वृद्ध सैनिकांच्या आयुष्याविषयी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाने मला केली. मी वक्ता नाही. बँकेच्या काउंटरवर बसणारा कारकून आहे. सैनिक मला भेटतो तो रणांगणावर नव्हे, तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पासबुक हातात घेतलेला. म्हणून मी आज लढाईच्या कथा सांगणार नाही. लढाईनंतर घरी आलेल्या सैनिकाविषयी बोलणार आहे. त्यासाठी मी ज्यांचे उदाहरण घेतो ते आपणा सर्वांना वंदनीय आहेत. ते म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील.

आपण रामजीबाबांचे नाव घेतो ते बहुधा 14 एप्रिलला, आणि तेही एका वाक्यात. परंतु त्यांचे स्वतःचे आयुष्य काय होते? रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. वडील मालोजी फौजेत होते. पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या लष्करी घराण्यातील. रामजींनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि सुमारे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. त्या काळी गावच्या शाळेच्या उंबऱ्यावरही आपल्या माणसाला उभे राहू देत नसत. फौजेने मात्र त्याच माणसाच्या हातात खडू दिला. फौजेची खरी देणगी कोणती असेल तर ती ही होय.

या दांपत्याला चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी बाळाराम, आनंदराव, भीमराव हे मुलगे आणि मंजुळा व तुळसा या मुली तेवढ्या जगल्या. भीमराव चौदावे, जन्म 14 एप्रिल 1891, महू छावणी. पुढे 1894 च्या सुमारास रामजी निवृत्त झाले. पेन्शन होते दरमहा 50 रुपये. कुटुंब प्रथम दापोलीला आणि नंतर साताऱ्याला आले. साताऱ्यातच 1896 मध्ये भीमाबाईंचे निधन झाले. लहान मुलांना रामजींच्या बहिणीने, मीराबाई आत्याने सांभाळले.

बंधूंनो, सैनिक निवृत्त होतो तेव्हा त्याची नोकरी संपते, जबाबदारी संपत नाही. रामजींनी साताऱ्यात भांडारपालाची नोकरी धरली. पुढे खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल म्हणून राहिले. त्यांना भेटायला निघालेल्या लहान भीमरावाचे मसूर स्टेशनवर आणि बैलगाडीच्या प्रवासात काय हाल झाले, ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पेन्शनर सुभेदाराच्या मुलांना वाटेत कोणी पाणीही दिले नाही. गणवेशाला मिळणारा मान गणवेशाबरोबरच संपतो, हे त्या घराला तेव्हा कळले.

त्याआधी, 1892 मध्ये, इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली होती. रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांच्या मदतीने त्याविरुद्ध अर्ज केला. ते स्वतः तर भरती होऊन गेले होते, मग कशासाठी केला? मागून येणाऱ्यांसाठी केला. भरतीचा दरवाजा बंद झाला तर केवळ रोजगार जाणार नाही, शाळेचा दरवाजाही बंद होईल, हे मुख्याध्यापकाला समजले होते.

कुटुंब मुंबईला आले ते 1904 मध्ये. परळच्या डबक चाळीत एक खोली. दोघांना नीट झोपायला जागा नाही. भीमराव लवकर झोपत. रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. उशाशी जाते आणि पायथ्याशी शेळी अशी ती अभ्यासाची खोली होती. तर्खडकरांचे भाषांतराचे धडे रामजींनीच मुलाकडून पक्के करून घेतले होते. मुलाला नवे पुस्तक हवे झाले आणि हातात पैसा नसला, की हा सुभेदार लग्न झालेल्या मुलीकडे जाई. तिच्याकडे पैसे नसले तर तिचा दागिना घेई, तो गहाण ठेवी आणि पुस्तक आणी. पेन्शन आले की दागिना सोडवून मुलीला परत करी.

मी रोज कर्जाचे अर्ज पाहतो. लग्नासाठी, घरासाठी, गाडीसाठी माणसे सोने गहाण ठेवतात. त्यात वाईट काही नाही. परंतु पुस्तकासाठी दागिना ठेवणारा आणि पेन्शनच्या दिवशी न चुकता तो सोडवणारा बाप आपल्या समाजाला मिळाला होता, हे आपण विसरता कामा नये. आणि ज्या बहिणींनी दागिने काढून दिले, त्यांचेही स्मरण आज केले पाहिजे.

रामजींचे निधन 2 फेब्रुवारी 1913 रोजी झाले. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला गेले, ते त्यांना पाहता आले नाही. पुढे 1923 मध्ये बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये निघाला, तो त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. ज्या घराने पन्नास रुपयांत महिना काढला, त्या घरातील मुलाने रुपयावरच ग्रंथ लिहिला. त्या पेन्शनचा याहून चांगला हिशेब कोणत्या बँकेत सापडेल?

हा इतिहास आपल्या भंडारा जिल्ह्यापासून दूरचा नाही. पहिल्या महायुद्धात भरतीची बंदी काही काळ उठली, 111 वी महार पलटण उभी राहिली आणि 1921 मध्ये ती मोडण्यात आली. वडिलांनी जो अर्ज केला होता, त्याचा पाठपुरावा मुलाने केला. बाबासाहेब 1941 मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण उभी राहिली ती आपल्या जवळच्या कामठीला. त्या पलटणीचे जवान ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. धानाच्या बांध्या आणि बोड्या सोडून गेलेल्या वैदर्भी पोरांना ब्रह्मदेशचे जंगल पाहावे लागले. महायुद्ध संपल्यावर पुष्कळांना घरी पाठवण्यात आले. पेन्शनला लागणारी पंधरा वर्षांची सेवा भरली नाही, म्हणून अनेकांच्या वाट्याला पदक आले, पेन्शन आले नाही. तरी त्यांनी मुले शाळेत घातली. साकोली तालुक्यातील आपण जे नोकरदार आज इथे बसलो आहोत, त्यांच्यापैकी किती जणांच्या मुळाशी असा एखादा शिपाई आहे, ते ज्याने त्याने घरी जाऊन विचारावे.

आता काउंटरवरचे एक सांगतो. दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. जुने बाबा येत, खिशातून पेन काढत आणि मान ताठ करून सही करीत. ही सही त्यांना फौजेने शिकवली होती. सन 2014 पासून यंत्रावर बोट ठेवण्याची सोय झाली. सोय चांगली आहे, परंतु फौजेनंतर चाळीस वर्षे नांगर धरलेल्या बोटांच्या रेषाच उरलेल्या नसतात. यंत्र ओळखत नाही. ज्याने कष्टाने अंगठा सोडून सही धरली, त्याच्याकडे आपण पुन्हा अंगठा मागतो, आणि तोही उमटत नाही. अशा वेळी लेखी दाखला चालतो आणि आता चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. पण हे बाबांना सांगायला घरचे कोणी बरोबर आलेले नसते.

म्हणून माझी हात जोडून तीन कामांची विनंती आहे. पहिले, डिस्चार्ज बुकात आणि पेन्शनच्या आदेशात आईचे नाव व जन्मतारीख बरोबर आहे का, ते वडील हयात असतानाच पाहा. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने विधवा मातेचे कुटुंब निवृत्तिवेतन महिनोन्‌महिने अडते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अडचण आली तर भंडाऱ्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. दुसरे, नोव्हेंबरात त्यांच्याबरोबर नातवाला पाठवा. तिसरे, त्यांच्याजवळ वही घेऊन बसा आणि ते सांगतील ते लिहून घ्या. रामजीबाबांचे रात्री दोन वाजेपर्यंतचे जागरण आपल्याला माहीत आहे, कारण त्यांच्या मुलाने ते जपले. आपल्या बाबांचे जागरण कोण जपणार?

सैनिकाचे आयुष्य मोठे असते. पंधरा-वीस वर्षे तो देशाची राखण करतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षे घराची. पहिल्या राखणीसाठी सरकार पदक देते. दुसऱ्या राखणीचे ऋण आपण फेडायचे आहे. पुढच्या रांगेतील सर्व बाबांना आणि त्यांच्या मागे खंबीरपणे उभ्या राहिलेल्या मातांना वंदन करून मी थांबतो.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!