स्मॉलव्हिलची शाळा आणि आपला बाक

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "दहा मिनिटं बोल, विषय तुझा तू ठरव." मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. त्यामुळे मी मुदत ठेवींवर बोलेन, अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसली. घाबरू नका. मी एका टीव्ही मालिकेवर बोलणार आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने सुपरमॅनवर बोलावं याचं काहींना हसू येईल. हसा, पण शेवटपर्यंत ऐका, कारण फिरून फिरून मी आपल्याच शाळेत येणार आहे.

मालिकेचं नाव 'स्मॉलव्हिल'. ती ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि मे २०११ मध्ये संपली. दहा पर्वं, दोनशेहून अधिक भाग. मुलगी आठवीत असताना मी सुट्टीत तिच्यासाठी डीव्हीडी आणल्या आणि तिच्याबरोबर सहज म्हणून बसलो. ती दुसऱ्या पर्वाला कंटाळून उठली. मी मात्र दहाही पर्वं संपवली.

आपल्या पिढीला सुपरमॅन माहीत आहे तो १९७८ च्या चित्रपटातला, ख्रिस्तोफर रीव्हचा. निळा पोशाख, लाल झगा, आकाशात झेप. 'स्मॉलव्हिल'मध्ये यातलं जवळजवळ काहीच नाही. अल्फ्रेड गॉफ आणि माइल्स मिलर या दोघांनी ही मालिका रचली आणि सुरुवातीलाच नियम घालून घेतला: पोशाख नाही, उड्डाण नाही. सुपरमॅनचा पोशाख अंगावर चढला तो थेट शेवटच्या भागात. मग दहा वर्षं दाखवलं काय? तर कॅन्सस राज्यातल्या एका शेतकरी गावात वाढणारा, क्लार्क केंट नावाचा मुलगा. सुरुवातीला तो शाळेत जातो, शेतात बापाला मदत करतो, आणि आपण इतरांसारखे नाही हे सगळ्यांपासून लपवतो.

पहिल्याच भागात गावावर उल्कापात होतो. त्या उल्कांबरोबर एक छोटं यान येतं आणि त्यात एक लहान मूल असतं. जोनाथन आणि मार्था केंट हे निपुत्रिक शेतकरी जोडपं त्याला घरी नेतं. त्याच उल्कापातात लाना नावाच्या मुलीचे आई-वडील जातात आणि लेक्स लूथर नावाच्या श्रीमंताच्या मुलाच्या डोक्यावरचे सगळे केस कायमचे जातात. म्हणजे क्लार्क गावात आला तोच इतरांच्या दुःखाबरोबर. त्याचा काहीच दोष नाही, पण मोठं झाल्यावर हे ओझं त्याच्या मनावर बसतं.

बारा वर्षांनंतर तो हायस्कूलमध्ये आहे. त्याला फुटबॉल खेळायचा आहे आणि संमतिपत्रावर वडिलांची सही हवी आहे. जोनाथन सही करत नाही. मुलगा खेळेल की नाही, ही शंका त्याला नाही. समोरच्या पोराची हाडं मोडतील, ही भीती आहे. आता विचार करा, त्या वयात हे ऐकून काय वाटत असेल! आपल्याला खेळात घेत नसत कारण आपण कच्चे होतो. याला घेत नाहीत कारण हा फारच पक्का आहे. दोघांची जागा एकच, मैदानाच्या कडेला.

त्याच भागात मोठी मुलं त्याला मक्याच्या शेतात बुजगावण्यासारखं बांधून ठेवतात. गळ्यात लानाची हिरव्या खड्याची माळ असते. तो खडा त्या उल्केचा, आणि त्याने क्लार्कची ताकद जाते. रात्री त्याला सोडवायला येतो तो लेक्स. त्याआधी क्लार्कने लेक्सला नदीतून बाहेर काढलेलं असतं. लेक्सची भरधाव गाडी पुलावर क्लार्कला धडकून पाण्यात पडलेली असते. एकमेकांचा जीव वाचवलेले हे दोघे मित्र होतात. सुपरमॅनचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे लेक्स लूथर, हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. मालिका सांगते ती ही मैत्री तुटली कशी, याची गोष्ट.

ती तुटली एका खोट्यापायी. पुलावर तू कसा वाचलास, हा लेक्सचा पहिला प्रश्न. त्याचं खरं उत्तर क्लार्क देत नाही. लेक्सला संशय येतो, तो चोरून चौकशी करत राहतो. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी क्लार्कला लेक्सच्या वाड्यातली एक बंद खोली सापडते. तिच्यात सगळा क्लार्कचाच तपास, ती मोडकी गाडीसुद्धा जपून ठेवलेली. क्लार्क तिथेच मैत्री संपवतो. मी ते पाहताना म्हणालो, बरोबर केलं पोराने. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, लेक्स चुकला हे खरंच, पण त्या खोलीच्या दाराला पहिली कडी क्लार्कनेच घातली होती.

क्लार्कचं उत्तर ठरलेलं असतं: "मी तुझ्या भल्यासाठीच लपवलं." आणि ते पूर्ण खोटंही नाही. पीट हा त्याचा जिवलग मित्र. दुसऱ्या पर्वात यान पीटच्या हाती लागतं, तेव्हा क्लार्क त्याला सगळं सांगून टाकतो. पुढे ते गुपित सांभाळताना पीट मार खातो आणि शेवटी गाव सोडून जातो. म्हणजे खरं सांगणंही फुकट मिळत नाही, ऐकणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते. आणि एक क्लोई. शाळेचं वर्तमानपत्र चालवणारी, नको तिथे नाक खुपसणारी मुलगी. तिला क्लार्कचं गुपित तिच्या डोळ्यांनी दिसतं, आणि बातमीसाठी जीव टाकणारी ही मुलगी गप्प बसते. तो स्वतः सांगेल, म्हणून वाट पाहते. मला विचाराल तर त्या मालिकेत सर्वांत ताकदवान तीच.

त्या शाळेच्या वर्तमानपत्राचं नाव 'टॉर्च'. त्यामागे एक खरी गोष्ट आहे. क्लीव्हलंड शहरातल्या ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोघे शिकत होते. जेरी लिहायचा, जो चित्रं काढायचा. त्या शाळेच्या वर्तमानपत्राचं नाव 'ग्लेनव्हिल टॉर्च', आणि जेरी त्यात लिहीत असे. या शाळासोबत्यांनीच सुपरमॅन निर्माण केला. तो १९३८ मध्ये छापून आला आणि त्याचे हक्क या पोरांनी १३० डॉलरना विकून टाकले. व्यवहारात दोघेही आपल्यासारखेच! पण जगातला सर्वांत प्रसिद्ध बलवान पुरुष दोन शाळकरी मित्रांच्या जोडीतून जन्मला, हे मला फार आवडतं.

मालिकेतलं आणखी एक दृश्य सांगतो. आपण कोण, कुठून आलो, याचं उत्तर क्लार्कला दुसऱ्या पर्वात एका शास्त्रज्ञाकडून मिळतं. ती भूमिका ख्रिस्तोफर रीव्हने केली. १९९५ मध्ये घोड्यावरून पडून त्याला मानेखाली हालचाल करता येत नव्हती. एकेकाळी पडद्यावर उडणारा माणूस चाकांच्या खुर्चीत बसून त्या पोराला सांगतो, तू कुठला आहेस ते. ते पाहताना मला आपले शिक्षक आठवले. स्वतः या गावाबाहेर फारसे न गेलेले, पण आपल्यातल्या प्रत्येकाला "तू हे करू शकतोस" असं सांगणारे.

आता शाळेत येतो.

जून १९८७. दहावीचा निकाल लागला. मी आणि माझा बाकसोबती, दोघांनी मिळून ठरवलं होतं की जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनात अर्ज भरायचा. सोमवारी सकाळी सातच्या एसटीने जायचं. त्याचं नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं आहे, कारण तुम्ही सगळे मागे वळून पाहताय.

दरम्यान माझ्या मामांनी माझ्यासाठी पुण्यातल्या कॉलेजचं ठरवलं. राहायची सोय त्यांच्याकडे. त्याच्या घरी पुण्याचा खर्च झेपणारा नव्हता. सांगितलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणून मी सांगितलं नाही. शनिवारी शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला गेलो. आपल्या वर्गशिक्षकांनी सही करायच्या आधी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मित्राला सांगितलंस का रे?" मी म्हणालो, "हो सर." सरांनी सही केली. रविवारी मी पुण्याला गेलो.

सोमवारी तो दोन अर्ज घेऊन एसटी स्टँडवर उभा होता. सातची गेली, साडेआठची गेली. मग तो माझ्या घरी आला आणि माझ्या आईकडून त्याला कळलं. हे मला पुढे आईनेच सांगितलं. तो काही बोलला नाही, म्हणाली. माझा अर्ज तेवढा ओट्यावर ठेवला आणि गेला. त्या वर्षी त्याने तंत्रनिकेतनात प्रवेश घेतलाच नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. दिवाळीत गावी यायचो तेव्हा त्याच्या गल्लीतून जाणं टाळायचो. इतकी वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

"त्याला वाईट वाटू नये म्हणून" हे वाक्य मी इतकी वर्षं स्वतःला ऐकवत आलो. मग एका रात्री टीव्हीवर एक अमेरिकन पोरगा तेच वाक्य त्याच्या मित्राला ऐकवत होता, आणि मला पहिल्यांदा ते बाहेरून ऐकू आलं. ते खोटं होतं. वाईट मला वाटायचं होतं. त्याच्या डोळ्यांकडे बघून सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. मला माझा त्रास वाचवायचा होता आणि नाव मी त्याच्या भल्याचं घेत होतो.

पहिल्या भागात जोनाथन क्लार्कला तळघरातलं यान दाखवतो, तेव्हा क्लार्क आभार मानत नाही. चिडून घराबाहेर पळतो. इतकी वर्षं का सांगितलं नाहीत, एवढाच त्याचा प्रश्न. उशिरा सांगितलेल्या खऱ्याचं असंच होतं. ऐकणारा रागावतो, आणि तो त्याचा हक्क आहे. पण क्लार्क रात्र संपायच्या आत घरी परत येतो. माझ्या मित्राने परत यावं, असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. यायचं तर मलाच.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. १९८७ च्या त्या शनिवारी मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्हाला ते तेव्हाच कळलं असावं, असा माझा अंदाज आहे, कारण सही करताना तुम्ही नेहमीसारखं "शाब्बास" म्हणाला नव्हतात.

आणि मित्रा, तू तिसऱ्या रांगेत खांबाच्या मागे बसला आहेस. व्यासपीठावरून माफी मागणं सोपं असतं, टाळ्या मिळतात. म्हणून ती इथून मागत नाही. टाळ्या कोणी वाजवूही नका. खाली उतरल्यावर मी तुझ्याकडे येतो. तुला जे बोलायचं असेल ते बोल. काही बोलायचं नसेल, तर नुसता शेजारी बसतो.

बाकीच्यांना एकच विनंती. जेवणाच्या पंगतीत आम्हा दोघांना एका बाकाएवढी जागा सोडा.