प्रतिजैविके आणि आपला गृहस्थधर्म

(मंडळाच्या गोंदिया येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृह आणि लग्नकार्यातील खर्च या विषयांवर आपण दरवर्षी विचारप्रवर्तक भाषणे ऐकता. त्या मालिकेत औषधाच्या गोळ्यांविषयी बोलण्याची अनुज्ञा कार्यकारी मंडळाने मला दिली, याबद्दल मी ऋणी आहे. या जिल्ह्यात तीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करताना अनेक घरी जाण्याचा योग आला, आणि बहुतेक घरांच्या फडताळात उरलेल्या गोळ्यांचे एखादे अर्धे पाकीट जपून ठेवलेले आढळले. शहाणीसुरती माणसे ते पाकीट का जपतात आणि ते जपणे घातक का ठरते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

जिवाणूंचा नाश करणाऱ्या किंवा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांस प्रतिजैविके म्हणतात. १९२८ साली लंडन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि हे औषध आपल्याच राज्यात तयार होऊ लागले. ज्या न्यूमोनियाने आणि बाळंतपणातील ज्वराने पूर्वी घरे उजाड होत, त्या रोगांवर इलाज सापडला. परंतु याच फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात एक इशारा दिला होता. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ स्वतःच थोडेसे पेनिसिलीन घेतो. तेवढ्याने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. ते पत्नीस बाधतात आणि तिच्यावर औषध चालत नाही, असा कल्पित प्रसंग त्यांनी सांगितला. त्या स्त्रीच्या मृत्यूचा दोष त्यांनी पतीच्या निष्काळजीपणाकडे दिला.

सामान्य माणूस असे का वागतो, असे विचारले म्हणजे सुशिक्षित लोक चटकन ‘अज्ञान’ असे उत्तर देतात. मला ते पटत नाही. रोवणीच्या दिवसांत ताप आलेल्या मजुराने सालेकसा किंवा देवरीकडून गोंदियास यावे, तर त्याची दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे पडते आणि तपासणीची फी वेगळीच. त्यापेक्षा बाजारच्या दिवशी औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या घेणे त्याला परवडते. हा हिशेब अडाण्याचा खचित नव्हे.

दुसरे कारण असे की, निसर्गच आपल्याला फसवितो. सर्दी, पडसे आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. विषाणू हे जिवाणूंहून निराळे. त्यांच्यावर प्रतिजैविकाचा काडीमात्र परिणाम होत नाही. असा आजार बहुधा चार-आठ दिवसांत आपोआप ओसरतो. तिसऱ्या दिवशी गोळी घेतली आणि पाचव्या दिवशी बरे वाटले, म्हणजे श्रेय गोळीला मिळते; आणि पुढच्या खेपेस तीच गोळी शेजारच्या मुलाला मायेने दिली जाते. तिसरे कारण आपली काटकसर. बरे वाटू लागल्यावर गोळ्या कशाला संपवायच्या, पुढे उपयोगी पडतील, असे गृहिणीला वाटते. धान, डाळ, कापड यांच्या बाबतीत जो गुण, तोच येथे अवगुण ठरतो.

चौथे कारण आम्ही डॉक्टर. रुग्ण रिकाम्या हाताने परतला तर उद्या दुसऱ्याकडे जाईल, या भीतीने अनावश्यक चिठ्ठी लिहिण्याचा मोह आम्हांस होतो. मी त्यास अपवाद नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच एका कुटुंबातील सूनबाई लघवीच्या विकाराने आजारी पडल्या. नेहमीची औषधे लागू पडेनात. जंतूंची तपासणी केली, तेव्हा बहुतेक औषधांना ते दाद देत नाहीत असे दिसले. नागपुरास दाखल करून शिरेतून औषध द्यावे लागले आणि त्या वर्षीच्या धानाचा सारा पैसा त्यात गेला. चौकशी केली तेव्हा कळले की, मागील तीन वर्षांत त्यांनी सर्दी-तापासाठी नऊ वेळा प्रतिजैविके घेतली होती. सात वेळा ती दुकानातून परस्पर आणलेली होती. परंतु उरलेल्या दोन चिठ्ठ्या माझ्या हस्ताक्षरातील होत्या. केवळ त्यामुळेच असे झाले, हे सिद्ध करता येणार नाही. पण माझ्या मनाला ती टोचणी आजही आहे.

असे घडते कसे? औषधाचा मारा झाला की, दुबळे जंतू मरतात आणि चिवट उरतात. मोकळ्या झालेल्या जागेत चिवटांचीच संतती वाढते. इतकेच नव्हे, तर एका जातीचे जंतू आपली प्रतिकारशक्ती दुसऱ्या जातीच्या जंतूंना देऊ शकतात. म्हणून या औषधाचा गुण ही एकट्याची मालमत्ता नाही. आपल्या भागातील मामा तलावाचे पाणी जसे साऱ्या गावाचे, तसे हे. एकाने आपल्या बांधीसाठी पाळ फोडली, तर खालच्या सर्वांचे धान वाळते.

हे संकट आपल्याच राज्यात कोठवर जाऊ शकते, हे मुंबईने दाखविले आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तेथील झोपडवस्तीतील शंभर खासगी डॉक्टरांनी क्षयरोगावर ऐंशी निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्याचे आढळले. पुढे २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांनी, त्या वेळी तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारा क्षयरोग मुंबईत आढळल्याचे जाहीर केले. जगाचा विचार केला, तर २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील आरोग्यसेवकांना आणि सुइणींना बालकांचा न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देण्यास शिकविले. ज्यांना मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधन केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, वाळू संपण्याआधी तांबड्या मण्यापर्यंत पोहोचलो, तर न्यूमोनिया समजून औषध द्यावयाचे, एरवी नाही. त्या प्रयोगाचा वृत्तांत १९९० साली प्रसिद्ध झाला. अशा रीतीने उपचार केलेल्या ६१२ रुग्णबालकांत मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. निरक्षर सुईणही मणी मोजून विवेक करू शकते, तर पदवीधरांनी भरलेला आपला समाज का करू शकणार नाही? सामान्य माणसाला दोष देण्याऐवजी त्याच्या हाती योग्य माप दिले पाहिजे, हाच त्याचा बोध.

सरकारने आपल्या परीने पावले उचलली आहेत. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीतील औषधे देताना दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपली पाहिजे. पाकिटावरील तांबडी उभी रेघ हीदेखील चिठ्ठीवाचून औषध न घेण्याचीच खूण आहे. परंतु कायदा फडताळापर्यंत पोहोचत नाही. तेथे गृहस्थधर्मच पाहिजे.

म्हणून माझी नम्र विनंती अशी. डॉक्टरांना तीन प्रश्न निःसंकोच विचारा: हे प्रतिजैविक आहे काय? त्यावाचून दोन दिवस थांबता येईल काय? ते नेमके किती दिवस घ्यावयाचे? दिलेले औषध सांगितले तितके दिवस घ्या. आपल्या मनाने सोडू नका, वाढवू नका आणि दुसऱ्यास देऊ नका. मात्र मूल धापा टाकत असेल किंवा ताप हटत नसेल, तर मजुरीचा हिशेब न करता त्याला दवाखान्यात न्या. आणि ज्याची ती मजुरी बुडणार असेल, अशा बांधवाला त्या दिवसापुरता आधार देणे, हे आपल्या मंडळाच्या मदतनिधीचे काम ठरावे, अशी सूचना मी अध्यक्षांपुढे ठेवतो.

आज घरी परतल्यावर फडताळ उघडून ते अर्धे पाकीट एकदा पाहावे, इतके मागून मी आपली रजा घेतो.