मैफलींत जागलेल्या रात्री
(पॅरिशच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिली कमिटीनें मला संगीतावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां मीं प्रथम साफ नकार दिला. मी गायक नव्हें कीं वादक नव्हें. लहानपणीं मला क्वायरमध्यें घेतलें होतें खरें. परंतु दुसऱ्याच आठवड्यांत मास्तरांनीं मोठ्या मायेनें मला घंटा वाजविण्याच्या कामावर नेमिलें. त्यावरून माझ्या गळ्याची योग्यता आपल्या ध्यानांत येईल. परंतु कमिटीचें म्हणणें असें पडलें कीं, गाणाऱ्यांचीं चरित्रें पुष्कळ छापलीं जातात. ऐकणाऱ्याला मात्र कोणी कांहीं विचारीत नाहीं. हा युक्तिवाद मला मानवला. म्हणून आज मी केवळ एक ऐकणारा या नात्यानें आपणांपुढें उभा आहें.

गाण्याचे शौकीन चार लोक एकत्र जमले म्हणजे त्यांचें बोलणें एका ठराविक वळणानें जातें. "त्या वर्षीं तुम्ही होतां काय?" हा पहिला प्रश्न. होतों म्हणणाऱ्याची छाती दोन बोटें फुगते. नव्हतों म्हणणारा खालीं पाहतो. मग एकजण सांगूं लागतो, दुसरा त्याला मध्येंच दुरुस्त करितो, तिसरा डोळे मिटून नुसती मान हालवितो. शिकारी लोक आपल्या वाघांच्या गोष्टी सांगतात, त्यांतलाच हा प्रकार. वाघ दरवर्षीं थोडा थोडा लांब होत जातो. तरी पण या गोष्टींत कांहीं तरी खरें असतें, आणि तें काय, हें मला आज शोधावयाचें आहे.

माझ्या आठवणी बहुतेक एकाच ठिकाणच्या आहेत. पुण्यास दरवर्षीं डिसेंबर महिन्यांत सवाई गंधर्वांच्या नांवानें जो संगीतोत्सव होतो, तो आपल्यापैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, खांसाहेब अब्दुल करीम खां यांचे शिष्य. ते सन १९५२ मध्यें वारले, आणि पुढच्याच वर्षीं, सन १९५३ मध्यें, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनीं गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो चालवितें. सन २०११ च्या जानेवारींत भीमसेनहि गेले. तेव्हांपासून गुरु व शिष्य या दोघांचीं नांवें उत्सवाला जोडलेलीं आहेत. खांसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यांत अशीच गायनसभा भरते. म्हणजे या सभा मुळांत करमणुकीसाठीं निघालेल्या नाहींत; गेलेल्या माणसाची आठवण ठेवण्याची ती एक रीति आहे. आपण मृतांसाठीं मिस्सा करवितों; हे लोक रात्रभर गातात.

या भीमसेनांचीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गदगचा हा मुलगा लहानपणीं एका दुकानापुढें उभा राहून अब्दुल करीम खांसाहेबांची झिंझोटींतील ठुमरी तबकडीवर ऐकत असे. त्या काळच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. तेवढ्या तीन मिनिटांनीं त्याला असें वेड लागलें कीं, सन १९३३ मध्यें, वयाच्या अकराव्या वर्षीं, तो गुरूच्या शोधांत घरांतून पळाला. ग्वाल्हेर आणि आणखी कित्येक गांवें फिरत फिरत तो पंजाबांत जालंधरला पोंचला. तेथें सन १८७५ पासून हरिवल्लभ संगीत संमेलन भरत आलेलें आहे. त्या मेळ्यांत पुण्याचे विनायकराव पटवर्धन यांची गांठ पडली, आणि त्यांनीं पोराला विचारलें कीं, सवाई गंधर्वांसारखा गुरु तुझ्या घराजवळ कुंदगोळास असतांना तूं येथें काय करितोस? मुलगा परत फिरला. तहान लागली ती तबकडीनें. पाणी कोठें आहे तें कळलें मात्र मेळ्यांत, माणसांच्या गर्दींत. पुढें त्याच मुलानें पुण्यांत दुसऱ्यांसाठीं मेळा उभा केला, याचें मला आश्चर्य वाटत नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, ते दिवस गेले. आज खिशांतल्या यंत्रावर पाहिजे तें गाणें, पाहिजे तितका वेळ ऐकतां येतें. मग गर्दींत मांडी मोडून बसावें कशाला? प्रश्न योग्य आहे. मीहि घरीं ऐकतोंच. परंतु समेची गोष्ट घ्या. विलंबित एकतालाचें आवर्तन बारा मात्रांचें असतें. किराणा घराण्याचे गवई तें इतकें सावकाश चालवितात कीं, एकाच आवर्तनाला पाऊण मिनिट आणि कधीं त्याहूनहि अधिक वेळ लागतो. तितका वेळ गवई स्वरांच्या रानांत कोठें तरी दूर हिंडत असतो. नवख्याला वाटतें, हा हरवला. दहावी मात्रा जाते, अकरावी जाते, आणि मग तो मुखडा धरून नेमका पहिल्या मात्रेवर येऊन उतरतो. त्या क्षणीं मांडवांतील हजारों माना एकदम हालतात. कोणी खूण केलेली नसते. शेजारच्याची जात, भाषा, पगार आपणांस ठाऊक नसतो. पण गेलें पाऊण मिनिट तो आणि आपण एकाच गोष्टीची वाट पाहत होतों, हें त्या एका हालचालीनें कळतें. घरीं यंत्रावर सम येते. वाट पाहणारे मात्र आपण एकटेच असतों.

आपल्या मंडळींना येथें थोडें अवघडल्यासारखें होतें. चर्चमध्यें क्वायर कितीहि गोड गायिली तरी आपण गप्प बसतों, आणि तें योग्यच आहे. मैफलींत मात्र मुकाट बसणारा श्रोता गवयाला आवडत नाहीं. चांगली जागा घेतली कीं पुढच्या रांगेंतून 'वाहवा' उठते, आणि गवई तीच जागा पुन्हां, जरा निराळ्या अंगानें, घेऊन दाखवितो. ती दुसरी जागा अर्धी गवयाची आणि अर्धी त्या दाद देणाराची असते. अर्थात् अवेळीं 'वाहवा' करणारे महाभागहि असतात. असा एक गृहस्थ एकदां माझ्या मागें बसला होता. तंबोरे जुळवीत असतांनाच त्याला गहिंवर येत होता.

एकदां एका लहान गांवीं शाळेच्या पटांगणांत गाणें होतें. तीनचारशें माणसें असतील. गाणें रंगांत आलें आणि एकाएकीं वीज गेली. दिवे गेले, ध्वनिक्षेपक मुका झाला. क्षणभर कांहींच ऐकूं येईना; मग तंबोऱ्याचा बारीक झंकार कानीं आला, आणि गवई गातच आहे असें कळलें. त्यानें थांबण्याचा विचारहि केला नव्हता. मग काळोखांत लोक हळूहळू पुढें सरकूं लागले. चपलांचा आवाज होऊं नये म्हणून बायामाणसें अनवाणी आलीं. लहान मुलांना मांडीवर घेतलें, खोकणारे बाहेर गेले. पंचवीस फुटांचें अंतर चार फुटांवर आलें. अर्ध्या तासानें दिवे लागले, तेव्हां सगळें गांव त्या गवयाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेलें दिसलें. पुन्हां मागें जाऊन बसण्यास कोणी तयार होईना. त्या रात्रीचा राग यमन होता. पण मी तो विसरलों असतों तरी तो काळोख विसरलों नसतों.

आतां माझी स्वतःची गोष्ट. ती फारशी भूषणावह नाहीं.

माझे वडील रेल्वेंत कारकून होते. त्यांना कोणी गाणें शिकविलें नव्हतें. रात्रपाळीच्या खोलींत कोणाचा तरी रेडिओ असे, त्यावर ऐकून ऐकून त्यांचा कान तयार झाला. १९८० नंतरच्या दशकांत, मी कॉलेजांत असतांना, त्यांनीं एके वर्षीं मला बरोबर घेऊन पुणें गांठलें. त्या काळीं उत्सव रमणबाग शाळेच्या मैदानांत, मांडवांत, रात्रभर चालत असे. पुण्याची डिसेंबरची थंडी आपणांस माहीत आहे. लोक शाली, कानटोप्या, उशा, डबे, थर्मास घेऊन प्रवासाला निघाल्यासारखे येत. मध्यरात्रीनंतर बटाटेवडे आणि चहा यांच्याभोंवतीं वेगळीच मैफल जमे. आंतील गाण्याचा कस तेथें उघडपणें लागे.

दोन वाजेपर्यंत मी ताठ बसलों होतों. मग वडिलांनीं हळूच सांगितलें कीं, आतां पुढें जें येईल तें ऐकण्यासाठींच आपण आलों आहों. मीं मान हालविली, आणि ती हालविली ती खालीं गेली ती गेलीच. मला जाग आली ती टाळ्यांनीं. सगळा मांडव उभा होता. कित्येकांच्या डोळ्यांना पाणी होतें. माझ्या अंगावर वडिलांची शाल होती, आणि ते स्वतः नुसत्या सदऱ्यावर, हात काखेंत घालून, बसलेले होते. त्यांनीं मला उठविलें कां नाहीं, हें मीं त्यांना कधीं विचारलें नाहीं. कोण गात होतें तेंहि आज सांगत नाहीं. जें मीं ऐकलें नाहीं त्याचें नांव घेऊन मिरवण्याचा मला अधिकार नाहीं.

सकाळीं, रविवार होता म्हणून, आम्ही चालत नाना पेठेंतील सिटी चर्चमध्यें मिस्सेला गेलों. वाटेंत वडील एकच शब्द बोलले: "ललत." पुढें कित्येक वर्षें मी मनांत म्हणत असें कीं, एखाद्या डिसेंबरांत पुन्हां जाऊं आणि पहाटेचा ललत पुरता ऐकूं. नोकरी, लग्न, मुलें, राहून गेलें. वडीलहि गेले. आणि मग ती रात्रच गेली. सन २००० मध्यें ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ध्वनिक्षेपक बंद. वर्षांतून जास्तींत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्रीं १२ पर्यंत सवलत देऊं शकतें, त्यापुढें नाहीं. सन २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा निर्बंध उचलून धरला.

हें दुःख आपणांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. मुंबईकडील अनेक पॅरिशमध्यें उघड्या आवारांत होणारी नाताळची मध्यरात्रीची मिस्सा याच नियमामुळें दहाच्या आंत आटोपावी लागली, आणि 'मध्यरात्र' हें नुसतें नांव राहिलें. तरी मी नियमाला दोष देणार नाहीं. आजाऱ्याच्या उशाशीं बसून ज्यानें पहाटेपर्यंत दुसऱ्याच्या उत्सवाचा कर्णा ऐकला आहे, तो या नियमाबद्दल देवाचे आभारच मानील. शिवाय थोडा लाभहि झाला आहे. हल्लीं उत्सव मुकुंदनगरांत, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानांत होतो, आणि दुपारींच सुरू होतो. त्यामुळें भीमपलास, मुलतानी, मारवा हे उतरत्या उन्हाचे राग आतां आपापल्या वेळीं ऐकावयास मिळतात. रात्रीं नऊला सुरू होणाऱ्या सभेंत ते कोण गाणार? पण दरबारी आणि मालकंस यांना त्यांची खरी वेळ मिळत नाहीं, आणि रात्र सरतांना, गार वाऱ्यांत, उजाडण्याच्या आधीं ऐकलेला ललत आजच्या तरुणांना त्या मांडवांत मिळणार नाहीं. सन २०२० मध्यें तर महामारीमुळें उत्सवच झाला नाहीं, तेव्हां जें उरलें आहे त्याचीहि किंमत मला कळली.

त्यानंतर एके वर्षीं चहाच्या रांगेंत दोन वृद्ध गृहस्थ पुढें उभे होते. बोलतां बोलतां कळलें कीं, त्या रात्रीं तेहि रमणबागेंत होते. मीं अधीरतेनें विचारलें, काय गाणें झालें हो तें? पहिले सांगूं लागले. बोट हवेंत वर नेऊन एक जागा दाखविली, गुणगुणण्याचा यत्न केला, जमेना, हंसले. दुसरे म्हणाले, "अहो, तो सोहनी होता." पहिले म्हणाले, "सोहनी नव्हे, ललत." वाद असा पेटला कीं, हातांतला चहा निवून गेला. शेवटीं मीं भीत भीत सांगितलें कीं, ललतच होता. माझ्या वडिलांनीं तसें सांगितलें होतें.

"आणि मग तुम्ही कोठें होतां?" त्यांनीं विचारलें.

"तेथेंच होतों," मी म्हणालों.