चष्म्याआधी कॅमेरा



बाहेरच्या दालनात सकाळपासून व्हीआरचा चष्मा डोळ्यांवर चढवायला रांग लागलीय. रांगेत मुलांपेक्षा मुख्याध्यापक जास्त दिसतात. हौस आहे, ती असावीच. पण शाळेसाठी खरेदीचा कागद पुढे आला की एवढंच विचारायचं: मुलांना न्यायचंय कुठे?

बाहेर दाखवतात त्या फितीत पन्हाळा आहे. पन्हाळा इथून, कोल्हापुरातून, वीसेक किलोमीटर! अंधारबावीत उतरताना अंगाला लागणारा गारवा, अंबारखान्यात घुमणारा आपलाच आवाज, हे चष्म्यातून मिळत नाही. त्यासाठी एसटी आहे. मात्र १६६० सालच्या पावसाळ्यातला, सिद्दी जौहरच्या वेढ्यातला पन्हाळा कुठल्याच एसटीने गाठता येत नाही. तो दाखवायला चष्मा जरूर घ्या. तसंच पेशीचं अंतरंग, हृदयाची झडप, अंटार्क्टिकाचा बर्फ. पाय पोचतात तिथे चष्मा लावणं म्हणजे मुलांची सहल बुडवणं.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. चष्मा दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवतो, मान वळली की दृश्यही वळवतो, म्हणून आपण तिथेच आहोत असं वाटतं. पण तिथे असल्यासारखं वाटणं आणि शिकणं यांत फरक आहे. मकरान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आभासी प्रयोगशाळा चष्म्यातून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण तिथेच असल्याचा भास जास्त झाला, शिकणं मात्र साध्या पडद्यावर पाहणाऱ्यांपेक्षा कमी झालं. त्याआधी, २०१८ साली, पॅरोंग आणि मेयर यांना असंच आढळलं होतं. पण त्यांनी धडा मध्येमध्ये थांबवून विद्यार्थ्यांकडून सारांश लिहून घेतला, तेव्हा शिकणं सुधारलं. थांबवणं आणि लिहून घेणं ही आपली जुनीच कामं. ती कुठल्याही संचाबरोबर खोक्यातून येत नाहीत.

वयाचंही बघा. मेटा कंपनी स्वतःच आपले चष्मे १० वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत असं सांगते. फोटोपुरता पहिलीच्या पोराच्या डोळ्यांवर चष्मा चढवू नका.

आणि या चष्म्यात दिसणार काय, ते कोण ठरवणार? गुगलने शाळांसाठी ‘एक्सपिडिशन्स’ हे आभासी सहलींचं ॲप काढलं, पुठ्ठ्याच्या स्वस्त चष्म्यांवर ते जगभर वापरलं गेलं, आणि २०२१ साली कंपनीने ते बंद केलं. शिक्षकांनी त्यावर बसवलेले तास वाऱ्यावर. म्हणून चष्म्यात दिसायचं ते आपणच टिपायला हवं.

हे आपण बाबूराव पेंटरांच्या गावात बोलतोय. त्यांनी कॅमेरा इथेच घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आज तर चहूबाजूंचं टिपणारा ३६० अंशांचा कॅमेरा आयता मिळतो. मग टिपायचं काय? मी म्हणेन, आधी गुऱ्हाळ. काहिलीत रस खळखळतो, भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात. खाली चुलवाणात चिपाडं सारणारा घामाघूम. पाकाचा थेंब पाण्यात सोडून गुळव्या त्याची गोळी बोटांनी दाबतो, हाक देतो, आणि काहील वाफ्यात रिती होते. बाष्पीभवन, शुद्धीकरण, घट्ट होणं, विज्ञानाचे धडे तिथेच आहेत. पण उकळत्या काहिलीच्या काठाशी पन्नास मुलं उभी करायचं धाडस कुठलाही शिक्षक करणार नाही, आणि गुऱ्हाळघरं तर वर्षागणिक कमी होताहेत. चष्म्याचं खरं काम इथे आहे. वास येणार नाही, हे मान्य. त्यासाठी वर्गात गुळाची ढेप फोडा.

मग शिरोळकरांनी २०१९ च्या महापुराच्या खुणा टिपाव्यात, इचलकरंजीकरांनी यंत्रमाग, राधानगरीकरांनी दाजीपूरचं जंगल. निवेदन मुलांच्या आवाजात आणि त्यांच्याच बोलीत असावं, पुणेरी करू नका.

संध्याकाळच्या ठरावांच्या मसुद्यात ‘प्रत्येक शाळेस व्हीआर संच मिळावा’ असं वाक्य आहे. त्याला माझी दुरुस्ती अशी: जिल्ह्यातल्या बाराही तालुक्यांना आधी एकेक कॅमेरा आणि तो हाताळायचं प्रशिक्षण मिळावं, चष्मे त्यानंतर यावेत, आणि त्यांच्यासाठी सहलीच्या एसटीच्या खर्चाला हात लागू नये. अनुमोदन कोण देतंय?