कुमाऊंच्या उंबरठ्यावरचं ऐपण



उत्तराखंडातल्या कुमाऊंत सण आला,
की बायका उंबरठा गेरूनं सारवतात.
तांबडी जमीन वाळली, की ऐपण नावाचं रेखाटन सुरू होतं.

तांदूळ भिजवून वाटतात.
त्या पातळ पिठाला म्हणतात बिस्वार.
कुंचला नाही.
हाताची बोटंच रेषा ओढतात.
आपली रांगोळी कोरडी, ऐपण ओलं.

दिवाळीत लक्ष्मीची पावलं
दारापासून देवघरापर्यंत उमटतात.
मुंजीची नक्षी वेगळी.
नवरदेवाच्या स्वागताची वेगळी.
आणि हे सारं मुलगी शिकते आईकडून.
केवढी मोठी शाळा ही!

२०२१ मध्ये ऐपणला भौगोलिक मानांकन मिळालं.
आता ते कापडावर, कागदावरही येतं.

पण लक्षात ठेवा, ऐपण बोटांचं.
कुमाऊंतल्या अल्मोड्याला गेलात,
तर छापील स्टिकर नको.
हातानं काढलेलंच घ्या.